‘न्यू’ लिहिण्याचा हक्क कुणाला? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्टॅटिक कोड ॲनालिसिसवर, म्हणजे कोड न चालवता तो तपासणाऱ्या साधनांवर, प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : कोणता ऑब्जेक्ट (प्रोग्रॅममधली माहितीची एक वस्तू, जी जावासारख्या भाषांत ‘न्यू’ हा शब्द लिहून तयार होते) कुणी आणि कुठे तयार करायचा हे टीमने ठरवलेलं असतं, विकीवर लिहिलेलंही असतं, पण कोडमध्ये ते पाळलं जात नाही. म्हणून या महिन्याचं सदर त्याच एका विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आमच्या बिलिंगच्या जावा प्रकल्पात इन्व्हॉइसचा ऑब्जेक्ट फक्त इन्व्हॉइस-फॅक्टरीनेच, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या एका क्लासनेच, तयार करायचा असा नियम आहे, कारण बिलाचा क्रमांक आणि जीएसटीची आकारणी तिथे होते. तरीही दोन-तीन आठवडे गेले की कुणीतरी थेट ‘न्यू इन्व्हॉइस’ लिहितं आणि क्रमांक नसलेलं बिल डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. रिव्ह्यूमध्ये ते नजरेतून सुटतं. कोणतं टूल लावावं?
— टीम लीड, खराडी

उत्तर : टूल शोधण्याआधी इन्व्हॉइसचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे न्यू लिहिल्यावर चालणारा कोड, पब्लिक (कुठूनही बोलावता येणारा) का आहे ते पाहा. पुष्कळदा कारण एवढंच निघतं की फॅक्टरी वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेली आहे. दोन्ही क्लास एका पॅकेजमध्ये आणा आणि कन्स्ट्रक्टरवरचा ‘पब्लिक’ शब्द काढून टाका. बाहेरून न्यू लिहिणाऱ्याचा कोड मग कंपाइलच होणार नाही. याहून पक्कं कुलूप कोणतंही टूल देत नाही, आणि त्याला देखभालही लागत नाही. फक्त जावाला उप-पॅकेज ही कल्पना ठाऊक नाही हे विसरू नका : ‘बिलिंग’ आणि ‘बिलिंग डॉट इंटर्नल’ ही तिच्या लेखी दोन परकी पॅकेजेस आहेत.

‘हायबरनेटला पब्लिक कन्स्ट्रक्टर लागतो’ असं टीममधून कुणीतरी म्हणेल. हे अर्धंच खरं आहे. हायबरनेट ज्या नियमावलीवर चालतं त्या जेपीएनुसार एन्टिटीला, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवल्या जाणाऱ्या क्लासला, बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर हवा, पण तो प्रोटेक्टेड असला तरी चालतो. जेसन वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या जॅक्सन लायब्ररीलाही योग्य ॲनोटेशन दिलं की प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर पुरतो. तेव्हा या दोघांच्या नावावर दार सताड उघडं ठेवायची गरज नाही.

एवढं करूनही कुलूप बसत नसेल, म्हणजे फॅक्टरी दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये ठेवावी लागत असेल किंवा क्लास बाहेरच्या लायब्ररीतला असेल, तरच ॲनालायझरकडे या. तुमच्यासाठी आर्चयुनिट, म्हणजे जावा कोडच्या रचनेचे नियम तपासणारी लायब्ररी, सोयीचं पडेल. ते कंपाइल झालेला बाइटकोड वाचतं आणि नियम साध्या जेयुनिट टेस्टसारखा चालतो, त्यामुळे बिल्ड सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. रीत अशी : जेयुनिट ५ साठीचं आर्चयुनिटचं पॅकेज टेस्ट स्कोपमध्ये घाला. टेस्ट क्लासवर ॲनोटेशनमधून प्रकल्पाचं मूळ पॅकेज द्या आणि टेस्ट वगळण्याचा पर्याय लावा. मग नियम लिहा : ‘फॅक्टरीच्या पॅकेजबाहेरच्या कोणत्याही क्लासने इन्व्हॉइसचा कन्स्ट्रक्टर बोलावू नये.’ शेवटी ‘बिकॉज’ जोडून त्यात कारण लिहा. ‘नियमभंग’ एवढंच लिहिलंत तर रात्री नऊ वाजता बिल्ड फुटलेल्या माणसाला काहीच मदत होत नाही. ‘इन्व्हॉइस-फॅक्टरीची क्रिएट मेथड वापरा, बिल क्रमांक तिथे मिळतो’ असं लिहिलंत तर तो दोन मिनिटांत दुरुस्ती करून मोकळा होतो.

नियम लिहून झाला की लगेच तो मुद्दाम मोडून पाहा. कुठल्याही एका क्लासमध्ये न्यू इन्व्हॉइस लिहा, टेस्ट लाल झाली पाहिजे. ही पायरी टाळू नका, कारण ज्या क्लासवर बंदी घालायची त्याचं नाव स्ट्रिंग म्हणून दिलं आणि त्यात एक अक्षर चुकलं, तर नियम काहीही न सापडता मुकाट्याने हिरवा राहतो. शक्य तिथे नाव स्ट्रिंगमध्ये न देता क्लासचा थेट संदर्भ द्या. मग उद्या कुणी क्लासचं नाव बदललं तरी नियम त्याच्याबरोबर बदलेल.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी गोंधळात टाकतील. इन्व्हॉइसचा एखादा सबक्लास असेल, तर त्याच्या कन्स्ट्रक्टरमधला ‘सुपर’ बाइटकोडमध्ये कन्स्ट्रक्टरला केलेल्या कॉलसारखाच दिसतो आणि आर्चयुनिट तो नियमभंग म्हणून दाखवतं. सबक्लास रास्त असेल तर त्याला नियमातून स्पष्टपणे वगळा. नसेल, तर इन्व्हॉइस फायनल करावा असं सुचेल, पण एन्टिटीला जेपीए फायनल होऊ देत नाही. तिथे ‘इन्व्हॉइसला सबक्लास नको’ असा दुसरा नियमच लिहावा. दुसरी गोष्ट म्हणजे ‘इन्व्हॉइस कोलन कोलन न्यू’ हा कन्स्ट्रक्टर रेफरन्स, जो स्ट्रीमच्या मॅपमध्ये सर्रास लिहिला जातो. बाइटकोडमध्ये तो साध्या कॉलपेक्षा वेगळ्या रीतीने नोंदला जातो. नियम मोडून पाहताना साधं न्यू आणि हा रेफरन्स, दोन्ही लिहून पाहा. रेफरन्स सुटला तर त्याच्यासाठी अट वाढवा.

चेकस्टाइल या दुसऱ्या तपासणी-साधनात यासाठी ‘इलीगल इन्स्टॅन्शिएशन’ नावाची तयार तपासणी आहे आणि ती पाच मिनिटांत लागते. पण चेकस्टाइल एकेक सोर्स फाइल सुटी वाचतं, प्रकारांची खरी माहिती त्याच्याकडे नसते, आणि ते नावं व इम्पोर्ट यांवरून अंदाज बांधतं. ‘हा क्लास कुठेच न्यू करू नका’ अशा सरसकट बंदीला ते पुरेल. ‘इथे चालेल, तिथे नाही’ असा तुमच्यासारखा नियम असेल तर आर्चयुनिट किंवा एरर-प्रोन (कंपायलरला जोडलं जाणारं तपासणी-साधन) घ्या. एरर-प्रोनमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड एपीआय’ हे ॲनोटेशन थेट कन्स्ट्रक्टरवर लावता येतं आणि कोणत्या फोल्डरमधून कॉल चालेल ते त्यातच सांगता येतं. चूक कंपाइल करतानाच दिसते, हा त्याचा मोठा फायदा.

न्यू न लिहिताही ऑब्जेक्ट जन्माला येतो, त्याचाही विचार करा. रिफ्लेक्शन (प्रोग्रॅम चालू असताना क्लास नावाने हाताळणं), क्लोन आणि जावाचं सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट साठवून परत वाचणं) या तिन्ही वाटा नियमाला दिसत नाहीत. सिरियलायझेबल क्लास परत वाचताना त्याचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही, म्हणजे तुम्ही कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिलेली तपासणीही चालत नाही. रेकॉर्ड हा याला अपवाद : तिथे परत वाचतानाही मुख्य कन्स्ट्रक्टर बोलावला जातो. आणि बिलाचा क्रमांक इतका महत्त्वाचा असेल, तर डेटाबेसमधल्या त्या कॉलमवर ‘नॉट नल’ आणि ‘युनिक’ ही बंधनं आजच घाला. ॲनालायझर बसेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये एका नव्या सहकाऱ्याने सर्व्हिस क्लास थेट न्यू करून वापरला. कोड चालला, पण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं नाही. असं का, आणि हे पकडता येईल का?
— सॉफ्टवेअर डेव्हलपर, बावधन

उत्तर : ट्रान्झॅक्शनचं ॲनोटेशन स्वतः काही करत नाही. कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करून देणारा स्प्रिंगचा भाग, त्या ऑब्जेक्टभोवती प्रॉक्सी (मध्यस्थ ऑब्जेक्ट) गुंडाळतो आणि ट्रान्झॅक्शन सुरू करणं, मागे फिरवणं हे काम तो प्रॉक्सी करतो. हाताने न्यू केलेल्या ऑब्जेक्टला प्रॉक्सी नसतो. मेथड नीट चालते, एररही येत नाही, म्हणून ही चूक जास्त घातक. नियम असा लिहा : सर्व्हिस किंवा रिपॉझिटरी ॲनोटेशन असलेल्या क्लासचा कन्स्ट्रक्टर कुणीही बोलावू नये, कॉन्फिगरेशन ॲनोटेशन असलेले क्लास सोडून. आर्चयुनिटमध्ये ॲनोटेशनवरून लक्ष्य ठरवता येतं, त्यामुळे उद्या येणारे नवे सर्व्हिस क्लासही आपोआप नियमात बसतात. युनिट टेस्टमध्ये मात्र सर्व्हिस न्यू करून तिला मॉक (नकली ऑब्जेक्ट) देणं योग्यच आहे. टेस्ट या नियमातून वगळा.

प्रश्न : आमच्याकडे डॉटनेट आहे. एचटीटीपी-क्लायंट (वेबवर रिक्वेस्ट पाठवणारा क्लास) जागोजागी न्यू होतो आणि लोड वाढला की सॉकेट संपतात. सगळ्या सोल्यूशनमध्ये बंदी घालायची सोपी रीत सांगाल का?
— सीनिअर इंजिनिअर, हिंजवडी फेज २

उत्तर : स्वतः ॲनालायझर लिहायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘बॅन्ड एपीआय ॲनालायझर्स’ हे नूगेट पॅकेज नेमकं यासाठीच आहे. ते घातलं की ‘बॅन्ड सिम्बॉल्स’ नावाची टेक्स्ट फाइल बनवायची आणि तिच्या प्रत्येक ओळीत एक बंदी लिहायची : आधी ‘एम’ हे अक्षर आणि कोलन, मग नेमस्पेससकट क्लासचं पूर्ण नाव, ठिपका, मग ‘हॅश सीटॉर’ (म्हणजे कन्स्ट्रक्टर), कंसात पॅरामीटरचे प्रकार, आणि अर्धविरामानंतर तुमचा संदेश. एचटीटीपी-क्लायंटला तीन कन्स्ट्रक्टर आहेत : बिनपॅरामीटरचा, हँडलर (प्रत्यक्ष कनेक्शन सांभाळणारा भाग) घेणारा, आणि हँडलरसोबत बूलियन घेणारा. तिन्हींच्या तीन ओळी लिहा. एकच लिहिली तर लोक आठवड्याभरात दुसऱ्याकडे वळतात. ‘एम’च्या जागी ‘टी’ लिहून अख्ख्या प्रकारावर बंदी घालू नका, कारण मग एचटीटीपी-क्लायंट-फॅक्टरीकडून आलेला क्लायंट वापरणंही गुन्हा ठरेल.

ही फाइल प्रकल्पात ‘ॲडिशनल फाइल्स’ म्हणून नोंदवावी लागते. नुसती फोल्डरमध्ये टाकली तर ॲनालायझर चालतो, पण त्याच्यापाशी बंदीची यादीच नसते, आणि सगळं हिरवं दिसतं. पॅकेज आणि फाइल या दोन्हींची नोंद मुळाशी असलेल्या ‘डिरेक्टरी बिल्ड प्रॉप्स’मध्ये केली की नवा प्रोजेक्ट जोडला तरी नियम लागू राहतो. नियमाचा क्रमांक आरएस००३०. तो मूळचा वॉर्निंग असतो, एडिटर-कॉन्फिगमध्ये त्याची तीव्रता ‘एरर’ करा. जिथे क्लायंट तयार करायची परवानगी आहे त्या एका जागी प्राग्माने (कोडमध्येच लिहिलेल्या कंपायलर-सूचनेने) तेवढीच ओळ सोडवा. अख्ख्या फोल्डरसाठी आरएस००३० बंद केलात तर तिथे यादीतल्या सगळ्याच बंद्या उठतात.

संदेशात पर्याय लिहायचा म्हणजे सॉकेट का संपतात हे नेमकं समजायला हवं. क्लायंट डिस्पोज केला तरी त्याचं कनेक्शन ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘टाइम वेट’ अवस्थेत रेंगाळतं, विंडोजवर नेहमीच्या सेटिंगला ४ मिनिटांपर्यंत. प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्लायंट म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला एक पोर्ट अडकून पडणं. उलट एकच स्टॅटिक क्लायंट कायमचा ठेवला तर डीएनएस बदलल्याचं त्याला कळत नाही. एचटीटीपी-क्लायंट-फॅक्टरी यातून वाट काढते : हँडलर पुन्हा वापरते आणि दर २ मिनिटांनी तो बदलते. फॅक्टरी शक्य नसेल तिथे सॉकेट्स-हँडलरवर ‘पूल्ड कनेक्शन लाइफटाइम’ ठरवून एकच क्लायंट ठेवा. तीही योग्य रीत आहे.

प्रश्न : वरच्यासारख्याच कामासाठी आम्ही रोझलिनवर, म्हणजे सी-शार्पच्या कंपायलरवर, स्वतःचा ॲनालायझर लिहिला. तरी काही न्यू त्याला दिसतच नाहीत.
— डेव्हलपर, मगरपट्टा

उत्तर : तुम्ही सिंटॅक्सचा, म्हणजे कोडच्या लिखित रचनेचा, ‘ऑब्जेक्ट क्रिएशन’ नोड ऐकत असणार. सी-शार्प ९ पासून डावीकडे प्रकार लिहिलेला असेल तर उजवीकडे नुसतं ‘न्यू’ आणि रिकामा कंस चालतो. त्याचा नोड वेगळा आहे, ‘इम्प्लिसिट ऑब्जेक्ट क्रिएशन’. असे नोड गोळा करत बसण्यापेक्षा सिंटॅक्स सोडून ऑपरेशनच्या, म्हणजे कोडच्या अर्थाच्या, पातळीवर या. तिथे या दोन्ही रूपांसाठी ऑब्जेक्ट क्रिएशन हे एकच ऑपरेशन येतं आणि त्यातून नेमका कन्स्ट्रक्टरही मिळतो. जेनेरिकमधलं ‘न्यू टी’ मात्र स्वतंत्र ऑपरेशन आहे, रेकॉर्डची ‘विथ’ने केलेली प्रतही स्वतंत्र. स्ट्रक्टसाठी नियम असेल तर ‘डीफॉल्ट’ आणि ॲरे हेही पाहा : शंभर जागांचा ॲरे केला की शंभर स्ट्रक्ट शून्य भरून तयार होतात आणि तुमचा कन्स्ट्रक्टर एकदाही चालत नाही.

आणखी दोन सूचना. प्रकार नावाच्या स्ट्रिंगने जुळवू नका. कंपायलेशन सुरू होताना एकदाच मेटाडेटा नावावरून सिम्बॉल मिळवा आणि पुढे सिम्बॉलची तुलना करा. वेगही वाढतो आणि एकाच नावाच्या दोन क्लासांची गल्लत होत नाही. ॲनालायझरचा प्रोजेक्ट डॉटनेट स्टँडर्ड २.० वर ठेवा, नाहीतर व्हिज्युअल स्टुडिओत तो लोड होताना अडचणी येतात.

प्रश्न : वाहनांच्या कंट्रोलरसाठी सी-प्लसप्लसमध्ये काम करतो. ग्राहकाची अट आहे की डायनॅमिक मेमरी वापरायची नाही. कोडमध्ये ‘न्यू’ शब्द शोधणारी स्क्रिप्ट आहे. ती पुरेशी आहे का?
— एम्बेडेड इंजिनिअर, चाकण

उत्तर : नाही. शब्द शोधणारी स्क्रिप्ट कॉमेंटमधलं न्यू पकडते आणि व्हेक्टरमध्ये दडलेलं सोडून देते. ही अट वाहन उद्योगात जुनी आहे. मिस्रा सी-प्लसप्लस २००८ या कोडिंगच्या नियमावलीतला नियम १८-४-१ हीप (डायनॅमिक मेमरीचा साठा) वापरूच नका असं सांगतो. त्यामुळे तपासणी दोन थरांत करा.

पहिला थर सोर्सचा. क्लँग-क्वेरी (क्लँग कंपायलरसोबतचं कोड शोधण्याचं साधन) घ्या आणि कंपायलरच्या सिंटॅक्स ट्रीमध्ये न्यू एक्स्प्रेशन शोधा. इथे एक बारकावा आहे. आधीच राखलेल्या बफरमध्ये ऑब्जेक्ट बसवणारं प्लेसमेंट न्यू मेमरी मागत नाही, म्हणून ते वगळावंसं वाटतं, आणि लोक ‘न्यूपुढच्या कंसात काही असेल तर सोडा’ अशी अट लिहितात. पण ‘नो-थ्रो’ न्यूमध्येही कंसात तसाच आर्ग्युमेंट असतो आणि ते मेमरी मागतंच. कंसात काहीतरी आहे एवढं पाहून भागत नाही, त्या आर्ग्युमेंटचा प्रकार पॉइंटर आहे की नो-थ्रो ते पाहा. मॅलोक, कॅलोक, रिअलोक यांसाठी क्लँग-टायडीत तयार तपासणी आहे, तीही लावा.

दुसरा थर लिंकिंगनंतरचा, आणि आमच्या मते तुमच्यासाठी तोच जास्त मोलाचा. व्हेक्टर, स्ट्रिंग, स्टँडर्ड फंक्शन यांच्या पोटात न्यू असतं, पण ते हेडरमध्ये, जिथे सोर्स तपासणारी साधनं सहसा पाहत नाहीत. तयार झालेल्या ईएलएफ फाइलवर (लिंक झालेल्या प्रोग्रॅमवर) एनएम हे सिम्बॉलांची यादी देणारं साधन चालवा आणि ऑपरेटर न्यूचं सिम्बॉल शोधा. ३२-बिट आर्मवर ते अंडरस्कोरनंतर झेड, एन, डब्ल्यू, जे असं दिसतं. ६४-बिटवर शेवटी जे-च्या जागी एम येतो. ते सापडलं तर कुणीतरी हीप मागतंय, आणि कुणी ते लिंकरची मॅप फाइल सांगते. ही तपासणी बिल्डच्या शेवटच्या पायरीत घातली की एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती हीप ओढून आणते तेही त्याच दिवशी कळतं. व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर असलेले क्लास असतील तर ऑपरेटर डिलीटचं सिम्बॉल मात्र न्यू नसतानाही दिसू शकतं, कारण कंपायलर डिलीट करणारा डिस्ट्रक्टर आपणहून बनवतो. त्यावरून घाबरू नका.

प्रश्न : नियम सगळ्यांना मान्य आहे. पण पहिल्यांदा चालवला तर १,८०० ठिकाणी मोडलेला निघाला. मॅनेजर म्हणतात, एवढं दुरुस्त करायला वेळ नाही, नियमच काढा.
— टेक लीड, बाणेर

उत्तर : नियम ठेवा, जुनी थकबाकी गोठवा. आर्चयुनिटमध्ये यासाठी नियमाला ‘फ्रीज’मध्ये गुंडाळायची सोय आहे. पहिल्या वेळी सध्याचे सगळे भंग टेक्स्ट फाइलमध्ये नोंदले जातात, पुढे फक्त नवा भंग बिल्ड फोडतो. जुना भंग दुरुस्त झाला की तो यादीतून आपोआप वजा होतो आणि परत आला तर नवा मानला जातो. तुलना करताना ओळ क्रमांक धरला जात नाही, त्यामुळे वरती दोन ओळी वाढल्या तर काही बिघडत नाही. मेथडचं नाव बदललं तर मात्र जुना भंग नवा वाटतो. नावं बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टला हे आधीच सांगून ठेवा.

यादीची फाइल गिटमध्ये असलीच पाहिजे. ती तयार करण्याची परवानगी फक्त एकदा, एका माणसाच्या मशीनवर द्या. बिल्ड सर्व्हरवर तयार करणं आणि बदलणं, दोन्ही बंद ठेवा. सर्व्हरवर यादी बनू दिली तर फाइल हरवली त्या दिवशी सर्व्हर सगळे भंग नव्याने माफ करून टाकेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. मॅनेजरना १,८०० हा आकडा दाखवण्यापेक्षा त्यांतले किती भंग गेल्या तीन महिन्यांत हात लागलेल्या फाइलींत आहेत ते गिटच्या लॉगवरून काढून दाखवा. काम तिथून सुरू करा. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइली तशाच राहू द्या.

प्रश्न : पायथनमध्ये प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर नसतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये असा नियम कसा लावू?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : पायथनसोबतच येणारं, कोडचा सिंटॅक्स ट्री देणारं एएसटी मॉड्यूल वापरून तुम्ही स्वतः तीस-चाळीस ओळींत हे लिहू शकता, आणि जरूर लिहा, शिकायला फार चांगलं आहे. फाइल पार्स करा, नोड-व्हिजिटरचा सबक्लास करा आणि ‘कॉल’ नोडला भेट देणारी मेथड लिहा. कॉल केलेलं नाव तुमच्या क्लासचं असेल आणि फाइल परवानगीच्या यादीत नसेल, तर फाइलचं नाव आणि ओळ छापा. शेवटी एकही भंग सापडला असेल तर प्रोग्रॅम १ हा एक्झिट कोड देऊन संपवा. त्यावरूनच प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) कमिट अडवतो.

पायथनमध्ये न्यू हा शब्दच नसल्यामुळे क्लासचा कॉल आणि फंक्शनचा कॉल सारखेच दिसतात, म्हणून सगळी भिस्त नावावर असते. आणि नाव बदलता येतं : ‘ऑर्डर’ इम्पोर्ट करताना ‘ॲज ओ’ लिहिलं की तुमची तपासणी फसली. त्यासाठी आधी इम्पोर्टचे नोड वाचून ‘या फाइलीत कोणतं नाव मुळात कशाचं’ अशी डिक्शनरी भरा, मग कॉल तपासा. मॉड्यूलमधून ठिपका देऊन केलेल्या कॉलचा नोड ‘ॲट्रिब्यूट’ असतो, साध्या नावाचा ‘नेम’. दोन्ही हाताळा. क्लास व्हेरिएबलमध्ये ठेवून मग कॉल केला तर या पद्धतीने तो सापडणार नाही, हे प्रोजेक्टच्या अहवालात मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा.

प्रश्न : रकमांच्या हिशेबात बिग-डेसिमल वापरूनही दशांशात फरक येतो. हा प्रश्न या विषयात बसतो का?
— वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : अगदी बसतो. जावातल्या बिग-डेसिमलच्या कन्स्ट्रक्टरला ०.१ हा डबल (बायनरीत साठवलेला दशांश आकडा) दिला तर आत ०.१००००००००००००००००५५५१… अशी दशांशानंतर ५५ अंकांची किंमत जाते, कारण ०.१ बायनरीत नेमका मावत नाही. स्ट्रिंग म्हणून ‘०.१’ दिला किंवा ‘व्हॅल्यू ऑफ’ वापरलं तर नेमका ०.१ मिळतो. पीएमडी, स्पॉटबग्ज आणि एरर-प्रोन या तिन्ही तपासणी-साधनांत यासाठी तयार नियम आहेत, आधी ते चालू करा. स्वतःचा नियम लिहायचाच असेल तर तो आर्ग्युमेंटच्या प्रकारावर लिहा. नुसता कोडमध्ये लिहिलेला आकडा पाहणारा नियम व्हेरिएबलमधून आलेला डबल सोडून देतो, आणि खऱ्या हिशेबात रक्कम व्हेरिएबलमधूनच येते.